पुढच्या आसातले तेल

महाडमध्ये जुनी वस्तू विकत घेताना लोक आधी एक प्रश्न विचारतात: ही पाण्यात होती का? शिलाई मशीन असो, कपाट असो की पंखा. सावित्रीचे पाणी बाजारपेठेत येते, ओसरते, आणि भिजलेल्या वस्तू पुसून, रंगवून पुन्हा विकायला ठेवल्या जातात. त्यामुळे घेणारा वस्तूची मागची बाजू आधी बघतो. ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात आम्ही जुनी डिझेल जीप बघायला गेलो, तेव्हाही हेच झाले.

जीप वाडीसाठी हवी होती. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येई. तिथून वरचा कच्चा रस्ता लोकांनी दोन उन्हाळे खपून काढला होता, पण पावसाळ्यात त्यावर साधी गाडी चढत नसे. आजारी माणसाला घोंगडीच्या डोलीत घालून चौघे खांद्यावरून खाली आणत. आदल्या श्रावणात माझ्या चुलतीच्या सुनेला असेच आणले. ती वाटेतच बाळंत झाली आणि मूल गेले. आता ती पुन्हा सहाव्या महिन्यात होती.

मुंबईत गोदीत आणि कारखान्यांत कामाला असलेल्या वाडीच्या माणसांनी वर्गणी काढली. नवी गाडी त्यात बसत नव्हती, आणि पेट्रोलची गाडी रोज चालवणे झेपणारे नव्हते. म्हणून जुनी, डिझेलची आणि चारही चाकांना जोर असलेली जीप घ्यायचे ठरले. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. कागदपत्रे वाचता येतात, एवढ्या कारणावरून मला पाठवले. सोबत महाडचा एक निवृत्त मिस्त्री होता. त्याचे आयुष्य ट्रक दुरुस्त करण्यात गेले होते. माझ्या चुलतीला, म्हणजे काकूला, कोणी बोलावले नव्हते. ती सकाळच्या एसटीने आपली आपण आली.

जीप खडीच्या एका ठेकेदाराची होती. त्याने खाणीचे काम बंद केले होते आणि गाडी नदीजवळच्या भातगिरणीच्या आवारात उभी होती. गिरणीच्या भिंतीवर मोठ्या पुराची खूण म्हणून लाल रेघ ओढलेली होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. मिस्त्रीने आधी रेघ पाहिली, मग जीप. इंजिन चालू करून ऐकले. आवाज जड, पण एकसारखा होता. धूर थोडा काळा होता, तो चालेल म्हणाला. मग त्याने पुढच्या दिव्याची काच काढली. आत तळाशी वाळलेला चिखल होता. सीट उचलली, तर पत्र्याच्या खाचेतही तोच.

“बुडालेली आहे,” तो म्हणाला.

ठेकेदाराचे म्हणणे असे, की पुराच्या वेळी जीप वर खाणीवर होती. इथे ती दोन महिन्यांपूर्वी आणली. मिस्त्री हसला.

“शेट, महाडात आजवर कुणाची गाडी बुडाली आहे? त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या डोंगरावरच असतात.”

गिरणीतली माणसेही हसली. मी वहीत लिहिले: ‘दिव्यात गाळ. गाडी पुरातली. नको.’ दुसरी जीप शोधून तिचे कागद होईपर्यंत पावसाळा लागणार, हे तिघांनाही कळत होते.

काकू तोवर गिरणीच्या जोत्यावर बसून होती. ती उठली, दिव्यातला चिखल नखाने खरवडून तळहातावर घेतला, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अंगठ्याने चोळला. तिचे माहेर नदीकाठचे. पूर ओसरल्यावर खाचरातला गाळ उपसण्यात तिचे लहानपण गेले होते.

“ह्यो नदीचा गाळ नाय, मिस्त्री. गाळ बोटाला लोण्यावाणी लागतो. ह्याच्यात कच हाय. खडीची भुकटी हाय ही.”

“वहिनी, मी चाळीस वर्षं गाड्या बघतोय.”

“गाडी तुमी बघा. मातीचं मला विचारा.”

मिस्त्रीने तिच्या तळहातावरचा चिखल दोन बोटांत चोळून पाहिला आणि बोटे पँटला पुसली. मग पाना मागितला व जीपखाली आडवा झाला. पुढच्या आसावर, दोन चाकांच्या मध्ये, एक लोखंडी गोळा असतो. त्यात गिअर आणि घट्ट तेल. गाडी बुडाली की पाणी तिथे शिरते आणि तेल दुधाच्या चहासारखे होते. विकण्याआधी कोणी तेल बदललेच, तर ते नवे, स्वच्छ दिसते.

बोल्ट गंजलेला होता. हातोडीचे बरेच ठोके बसले. शेवटी डब्याच्या झाकणात तेल उतरले: दाट आणि काळे. मिस्त्रीने त्याचा वास घेतला, झाकण उन्हात तिरपे धरले.

“जुनं तेल आहे. पाण्याचा थेंब नाही,” तो म्हणाला, आणि ठेकेदाराकडे वळून, “शेट, तुमची खरंच डोंगरावर होती.”

ठेकेदाराने त्याला विडी दिली. मी वहीतली ओळ खोडली. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी द्यायची नाही, हे मला कामाच्या पहिल्या महिन्यात शिकवले होते. इथे मी एकट्या मिस्त्रीच्या शब्दावर निकाल लिहून मोकळा झालो होतो.

त्याच दुपारी जीप वाडीच्या रस्त्यावर नेऊन पाहिली. खड्या चढाच्या वळणावर मागची चाके जागीच फिरू लागली, तेव्हा मिस्त्रीने छोटा दांडा ओढला. पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी वर गेली. टायर झिजले होते, तेवढे पैसे ठेकेदाराने कमी केले.

श्रावणात सूनबाईला दिवसाउजेडी पोलादपूरच्या दवाखान्यात पोहोचवले. डोलीला अर्धा दिवस लागे. जीपला तासही लागला नाही. मुलगी झाली.

त्यांना घरी आणले त्या दिवशी मी रजेवर होतो, जीपमध्ये मागे बसलो होतो. आदल्या वर्षी जिथे डोली खाली ठेवावी लागली, त्या वळणावर काकूने गाडी थांबवायला सांगितली. ती पावसात उतरली, थोडा वेळ उभी राहिली, परत येऊन बसली आणि नातीला मांडीवर घेतले.

“चल रे,” ती ड्रायव्हरला म्हणाली. “आता कुठं थांबू नको.”