खाली म्हणजे रिकामं नाही

लुंबिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दिल्लीतल्या बुराडीत आमच्या गल्लीला नळाचं पाणी त्याच वेळी येतं आणि डोळा लागला तर निघून जातं. ती उठून मोटर लावायची, टाकी भरायची, आईचा चहा आणि स्वतःचा डबा करायची आणि उजाडायच्या आत बाहेर पडायची. हिंदूरावच्या टेकडीकडे एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. दिवसभर मशीनमधून ओल्या चादरी काढायच्या, वाळवायला न्यायच्या. ओली चादर किती जड असते ते ज्याने उचलली त्यालाच ठाऊक.

मी समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर राहतो. बस डेपोत फिटर होतो. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. मला जाग तिच्या मोटरच्या आवाजाने यायची. मोटर बंद झाली की कळायचं, पोरगी आता निघाली.

तिचा बाप संघपाल माझा दोस्त. आम्ही दोघंही विदर्भातले, एकाच वर्षी दिल्लीला आलो. तो कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात, ड्रायव्हर होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. निवृत्त झाला त्या वर्षी एक जुनी, पांढरी, लहान गाडी विकत घेतली आणि बायकोला, कौसल्यावहिनीला, म्हणाला, "यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीला जाऊ. आपल्या गाडीने. तू पुढच्या सीटवर बसायचं."

दसरा यायच्या आधी तो गेला. रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही.

गाडी दोन वर्षं गल्लीत कव्हरखाली उभी राहिली. कव्हरवर मांजरं झोपायची. लुंबिनी जाता-येता त्या कव्हरवर हात ठेवायची, जसा म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात.

मग एका रविवारी ती जिना चढून माझ्याकडे आली. पस्तिशीची बाई, पण दारात शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली.

"काका, जय भीम. गाडीची मुदत डिसेंबरात संपतेय. पंधरा वर्षं होतात. मग दिल्लीत चालवता येणार नाही."

"मग?"

"मग त्याआधी दसरा येतो ना. आईला नागपूरला घेऊन जायचंय. त्याच गाडीने."

"कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखव."

"दाखवली. म्हणाला, मॅडम, इसमें कुछ नहीं रखा, कबाड़ी को दे दो." मग म्हणाली, "चालवायला मला बाबांनी शिकवलंय. पण वाटेत काही झालं तर गाडीत मी आणि आई, दोघीच. मला कुणाची वाट बघत बसायचं नाही. तुम्ही शिकवा."

मी म्हणालो, "गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. मी हात लावणार नाही. सगळं तू करायचं."

"बिल्कुल," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी कव्हर निघालं. बॉनेट उघडायची कडी तिला सापडेना. ती बाहेरून चाचपत होती आणि मी बाल्कनीतून बघत होतो. सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने तिला स्टिअरिंगच्या खालचा खटका दिसला. जे स्वतः शोधलं ते विसरत नाही.

बॅटरी मेली होती, नवी आणली. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही, हे मी तिच्याकडून दर रविवारी वदवून घेतलं. एअर फिल्टर काढला तर आत उंदराने घर केलेलं. किंचाळली, आणि मग स्वतःच साफ केलं.

चाक बदलायचं शिकताना तिने आधी जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट फिरवायला गेली. नटाबरोबर चाकच फिरायला लागलं.

"गाडी जमिनीवर असताना नट सैल करायचे," मी वरून ओरडलो. "मग उचलायची. चाक बसवलं की परत आवळ."

"आवळा?"

"आवळ! घट्ट कर!"

"मग टाइट म्हणा ना काका, आवळा-चटणी कशाला?"

दिल्लीत वाढलेली पोर. घरी मराठी बोलायची, पण निम्मे शब्द गळलेले. बापाने पाना म्हटलं की तिला कळायचं. सैल, आवळ, ओत हे तिने माझ्याकडून घेतले. नट सुटेना तेव्हा ती नुसत्या हाताने जोर लावत होती. मी म्हणालो, "तू चादरी हाताने उचलतेस का?" तिने मान हलवली, पाना आडवा धरला आणि अंगाचा भार टाकला. नट करकरला आणि सुटला.

शेजारचे रोहतासजी, रोहतकचे, खाटेवर बसून हे सगळं बघायचे. "ए छोरी, इसनै तो इब कबाड़ी भी कोनी लेवै," म्हणजे हिला आता भंगारवालाही घेणार नाही, असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ती वर बघायची नाही. हात काळे करून काम करत राहायची.

मग तेलाचा दिवस आला.

इंजिनात एक पातळ लांब पट्टी असते. ती ओढून काढायची, पुसायची, परत घालून काढायची. तिच्यावर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मध्ये असायला हवं. एवढं मी तिला समजावून ठेवलं होतं. तिने पट्टी काढली आणि बाल्कनीखाली येऊन, उन्हात उंच धरून मला दाखवली. खालच्या खुणेच्या किंचित खाली तेलाची रेघ चमकत होती.

"खाली आहे," मी म्हणालो. "घाल."

आणि दूध उतू जात होतं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो.

परत आलो तो गाडी सुरू होती आणि मागून निळा धूर निघत होता. साधा नाही, भट्टीसारखा. रोहतासजी खाटेवरून उठून उभे राहिले होते. लुंबिनी हातात रिकामा कॅन घेऊन उभी.

"बंद कर! बंद कर आधी!"

तिने बंद केली. मी जिना उतरलो, गुडघ्यांचा विचार न करता. पट्टी काढून बघितली तर तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर.

"किती घातलंस?"

"सगळं."

"सगळं? कॅनभर? का?"

"तुम्हीच म्हणालात ना, खाली आहे!"

"हो, खाली आहे! खुणेच्या खाली! म्हणजे थोडंसं घालायचं!"

"खाली म्हणजे..." तिने कॅन उलटा करून दाखवला. "खाली म्हणजे रिकामं ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. ती दिवसभर हिंदीत जगते. धुलाईखान्यात दिवसातून कितीदा तरी ओरडत असेल, मशीन खाली हुई क्या.

ती पायरीवर बसली. "बाबांची गाडी मी मारली," एवढंच म्हणाली. तोंडावर तेलाचा हात फिरला होता. मला वाटलं, आता ही कव्हर घालणार आणि पुन्हा काढणार नाही. नागपूर संपलं.

कौसल्यावहिनी दारात आल्या. "काय झालं गं? धूर कसला?"

मी सांगितलं. वहिनींनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. संघपाल गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

"अगं, तुझ्या बापानं हेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "उलटं. नवीन नवीन नोकरी. सदनात एक साहेब उतरले, सामानानं भरलेली गाडी. साहेब म्हणाले, ड्रायव्हर, गाडी खाली करो. म्हणजे सामान काढ. हे गाडीत बसले आणि गाडी उतारावरून खाली नेली, पार फाटकापर्यंत! साहेबांची बायको मागून पळतेय, अरे मेरी पेटी, मेरी पेटी! आणि हे तिला सांगताहेत, मॅडम, बिल्कुल खाली कर दी!"

लुंबिनी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. रोहतासजींना काही कळलं नाही, पण तेही हसले.

"गाडी मेली नाही," मी म्हणालो. "जरा वेळच चालली. तेल उतरवायचं. आता तूच उतरवायचं."

इंजिन निवेपर्यंत थांबलो. वहिनींनी कपडे भिजवायचा जुना टब दिला. लुंबिनी पोतं अंथरून गाडीखाली सरकली. तेल साठतं त्या चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो. तो सैल केला की तेल एकदम येतं, चेहरा बाजूला ठेवायचा. तिने ठेवला, तरी कोपरापर्यंत भिजली.

"आवळ," मी म्हणालो. "पण अंगाचा भार नको. इथे बोल्टचे आटे गेले की चेंबर गेलं. हाताने कळेल कुठे थांबायचं ते."

ती थांबली ती बरोबर जागी. मी वाकून बघू शकत नव्हतो, पण आवाजावरून कळलं. टबातलं जुनं-नवं मिसळलेलं तेल परत घालण्यासारखं नव्हतं, म्हणून पुढच्या पगाराला नवा कॅन आणला. या वेळी थोडं ओतायची, थांबायची, पट्टी बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये आलं. गाडी सुरू केली. धूर नाही. तेव्हापासून आमच्यात ठरलं, कॅन संपला की रिकामा म्हणायचं. खाली फक्त खालीच.

राहिले टायर. उभं राहून राहून त्यांच्या कडांना भेगा पडल्या होत्या. मी सांगून टाकलं, "यांच्यावर वहिनींना बसवून नागपूरला नेणार असशील तर मला तोंड दाखवू नकोस."

"सेकंडहँड घेऊ?"

"दुसऱ्याने टाकलेले? नाही."

दुसऱ्या आठवड्यापासून धुलाईखान्यात ती दुपारची पाळीही करायला लागली. आता ती परतायची तेव्हा गल्लीतले दिवे लागलेले असायचे. चालताना कमरेवर हात. चारला मोटर मात्र लागायचीच. सप्टेंबरच्या शेवटी चार नवे टायर आले. रोहतासजी म्हणाले, "दो महीने की गाड्डी में नए टायर! बावळी हो री सै के?" आणि ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हाँ ताऊ, बावळी हूँ."

निघाली त्या पहाटे रोहतासजीच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून गाडी बाहेर काढायला हाताने इशारे करत होते, "आण दे, आण दे, बस." कौसल्यावहिनी पुढच्या सीटवर. मांडीवर संघपालचा फोटो, दुपट्यात गुंडाळलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"काका, लखनादौनच्या पुढे खिळा लागला. चाक बदललं."

"नट कधी सैल केले?"

"गाडी जमिनीवर असताना. आईने नट पदरात धरले होते. एकही हरवला नाही."

"मग आवळले?"

"आवळले. आणि काका, शेवटी जॅक खाली केला." ती हसत होती. "मराठीतला खाली."

मागून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, पोरीनं एकटीनं केलं हो सगळं!"

दीक्षाभूमीवर त्यांनी काय केलं, मी विचारलं नाही. वहिनी परत आल्यावर म्हणाल्या, गर्दीत फोटो डोक्यावर धरून उभी राहिले, म्हणजे त्यांनाही दिसेल.

डिसेंबरात गाडी न्यायला मोडीत काढणाऱ्यांचा ट्रक आला. मी लुंबिनीला म्हणालो होतो, नवे टायर काढून विक, जुने लाव, त्यांना काय फरक पडतो. तिने ऐकलं नाही.

"अनवाणी नाही पाठवणार, काका."

हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. संघपालचा असावा.

आता त्या जागी दुसऱ्याची गाडी असते. मायलेकी मलकागंजला राहायला गेल्या, तिथून काम जवळ. मला अजूनही चारला जाग येते. कुणाची तरी मोटर लागते, तो आवाज निराळा.

ट्रकवर गाडी चढवली तेव्हा मी खाली उभा होतो. नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात. नागपूरला जाऊन-येऊनही ते तसेच होते. दोन पाळ्या ओल्या चादरी उचलून तिने आणले ते हेच चार टायर.