खळ्यावर शिकलेला आगमनकाळ

आम्हा नवरा-बायकोला दोघांनाही आपले आईबाप आठवत नव्हते, आणि आता आम्हीच तीन लेकरांचे आईबाप झालो होतो. मोठ्या दुष्काळात कुणीतरी आम्हाला नागपूरच्या मिशनमध्ये आणून सोडलं होतं. मला सिस्टरांच्या अनाथाश्रमात, यांना फादरांकडे मुलांच्या वसतिगृहात. मोठे झाल्यावर फादरांनीच आमचं लग्न लावून दिलं. हे सुतारकाम शिकले होते, त्यामुळे रेल्वेच्या डब्यांची दुरुस्ती करायला यांना गोंदियात नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. गावात चर्च नव्हतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा फादर गाडीने यायचे, कुणाच्या तरी ओसरीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करायचे आणि परत जायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ते आले तेव्हा म्हणाले, "आता नाताळ होऊन गेल्याशिवाय मला येता येणार नाही. आगमनकाळ, नाताळाआधीचे चार आठवडे, घरीच पाळा. लेकरांची मनं तुम्हीच तयार करा." यांनी मान हलवली. पण फादरांना स्टेशनवर पोचवून परतताना मला म्हणाले, "लेकरांची मनं तयार करायची म्हणजे काय करायचं गं?" प्रार्थना आम्हा दोघांना तोंडपाठ होत्या. आश्रमात घंटा वाजली की आम्ही उठायचो, घंटा वाजली की गुडघे टेकायचो. घरातला बाप लेकरांना जवळ घेऊन देवाबद्दल कसं बोलतो, हे आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

मग जे ठाऊक होतं तेच आम्ही केलं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी यांनी मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. मोठी मार्था, तिच्यानंतर पौल, आणि धाकटी लुसी, जी अजून नीट उभीही राहत नव्हती. फरशी गार होती. हे मोठ्या आवाजात प्रार्थना सांगत होते, मुलं मागून म्हणत होती, आणि पौल चुकला की हे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. लुसी रडायला लागली. तेव्हा मार्था अगदी साधेपणाने म्हणाली, "बाबा, येशू येऊन राहिला ना? मग तुम्ही रागावून काऊन राहिले?"

मार्था क्वार्टरमधल्या मुलींबरोबर खेळायची, त्यामुळे तिची बोली इथलीच झाली होती. प्रार्थना तिथेच थांबली, आणि पुढचा सगळा आठवडा झालीच नाही. संध्याकाळी हे कामावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि दारात बसून राहायचे. एकदा मी जेवायला वाढताना विषय काढला तर म्हणाले, "मला हे जमायचं नाही. देवाने लेकरं द्यायला नको होती आपल्याला." मी मनातल्या मनात मरियामातेला म्हटलं, आम्हाला कुणीतरी दाखव. कसं ते तू ठरव.

दुसऱ्या रविवारी मुलांचा रुसवा जावा म्हणून यांनी नाताळच्या बाळ येशूसाठी गव्हाण करायचं ठरवलं. लाकडाचे तुकडे घरात होते, पण तणस हवी होती, म्हणजे धान मळल्यावर उरणारा पेंढा. शेतं कापून झाली होती. आम्ही सगळे कुडव्याच्या बाजूला निघालो. त्या काळी ते खेडंच होतं. गाव मागे टाकून थोडं पुढे गेलो तर एका खळ्यावर बैल गोल फिरत धान मळत होते. लुसीला सकाळपासून जरा सर्दी होती, मी तिला पदराखाली घेतलं होतं. वारं सुटलं होतं. हे त्या शेतकऱ्याशी बोलत असतानाच माझ्या हातातलं लेकरू तापलेल्या तव्यासारखं लागायला लागलं. मी खाली पाहिलं तर तिचे डोळे वर गेले होते आणि अंग ताठ झालं होतं.

मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एक म्हातारी बाई रास सोडून धावत आली आणि तिने लुसीला माझ्या हातातून घेऊन कुशीवर निजवलं. "कायले रडतेस? पानी आन," ती म्हणाली. तिने लुसीचं झबलं काढलं, कोमट पाण्याने अंग पुसलं, कपाळावर ओला फडका ठेवला. थोड्या वेळाने अंग सैल झालं, पण ताप उतरेना आणि लेकरू डोळे उघडेना. हे डॉक्टर आणायला गोंदियाकडे पळत सुटले.

ती यमुनामाय. पोवार या इथल्या शेतकरी समाजातली, त्या शेताची मालकीण. घरची माणसं आपसांत पोवारी बोलत, आमच्याशी मराठीत. तिच्या मुलाने मला विचारलं, "तुमी कोन जातीचे?" मी काही म्हणायच्या आत म्हातारीच म्हणाली, "लेकराले ताप हाय, थे दिसते ना तुले? मंग बाकीचं कायले विचारून राहिला?" तिने आम्हाला खळ्यावरच्या झोपडीत जागा दिली. मार्था आणि पौलच्या हातात तिने भात-वरणाची ताटं ठेवली आणि आपल्या नातवंडांच्या शेजारी बसवलं.

दिवेलागणीला हे परत आले ते एकटेच. रेल्वेचे डॉक्टर लाइनवर, पुढच्या स्टेशनांच्या दौऱ्यावर गेले होते, उद्या येणार होते. म्हातारी तेव्हा धानाच्या राशीजवळ दिवा लावत होती. तिने हात जोडले, आणि मग तिची नातवंडं आपणहून तिच्याभोवती येऊन बसली. कुणी मांडीवर, कुणी पाठीला टेकून. तिने रोजचंच काहीतरी विचारावं तसं विचारलं, "आज कोनं कोनाले काय देलं?" एक म्हणाला, बैलाला पाणी दिलं. एक मुलगी म्हणाली, पौलला माझा लाडू दिला, पण अर्धाच. सगळे हसले. म्हातारीने प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढंच. हे झोपडीच्या दारात उभे राहून पाहत होते. मी यांना कशाकडे असं पाहताना कधीच पाहिलं नव्हतं.

मग ती यांच्याकडे वळून म्हणाली, "डाक्टर नाही त नाही, बापू. तुमी तुमच्या देवाचं नाव घ्या. आमी बसतो संगं."

हे आत आले. लुसीच्या उशाशी बसले आणि मार्था-पौलला दोन्ही बाजूंना ओढून घेतलं. नेहमीच्या पाठ प्रार्थनेला सुरुवात केली. "हे आमच्या स्वर्गातील बापा" इथपर्यंत आले आणि आवाज थांबला. पुढचे शब्द लहानपणापासून हजारदा म्हटलेले, पण ते येईनात. मग हे हळू म्हणाले, "देवा, मला काही येत नाही. ही लेकरं तुझीच आहेत. हिला आमच्याजवळ राहू दे, आणि मला यांचा बाप व्हायला शिकव." पौल यांच्या दंडाला बिलगला. मार्था म्हणाली, "आमेन." आणि दारातून म्हातारीचा आवाज आला, "होवो बापा, तसंच होवो."

आम्ही आळीपाळीने फडका बदलत राहिलो. उजाडायच्या सुमारास लुसीच्या केसांखाली घाम आला, अंग गार पडलं, आणि तिने डोळे उघडून "आई, पाणी" म्हटलं. ताप प्रार्थनेने उतरला की म्हाताऱ्या हातांनी, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. दोन्ही एकाच दाराने आत आले होते. यमुनामायने निघताना तणशीचा मोठा भारा यांच्या खांद्यावर दिला. मी तिच्या पाया पडले तर म्हणाली, "पोरीले वाऱ्यात नेऊ नको," आणि आपल्या कामाला लागली.

त्या संध्याकाळी घरी कुणी कुणाला रांगेत उभं केलं नाही. हे भिंतीला टेकून बसले, मुलं जवळ सरकली. यांनी विचारलं, "आज कुणी कुणाला काय दिलं?" मार्था थोडा विचार करून म्हणाली, "मी पौलला खिडकीजवळची जागा दिली." आणि उठून तिने भाऱ्यातून एक काडी काढली आणि यांनी दुपारी ठोकलेल्या रिकाम्या गव्हाणीत ठेवली. "येशूले टोचू नये म्हणून," ती म्हणाली. कुणाला काही दिलं की एक काडी, ही कल्पना तिचीच. पुढच्या दिवसांत कधी एखादी काडी पडली, कधी मूठभर, आणि भांडणाच्या दिवशी एकही नाही. हेसुद्धा आपली काडी ठेवायचे, आणि काय केलं ते मुलांना सांगायचे. मग एक छोटी प्रार्थना, एक गाणं, आणि जेवण. नाताळपर्यंत गव्हाण मऊ झाली होती. यांनी लाकडात कोरलेलं बाळ लुसीच्या हातात दिलं, आणि तिने ते काड्यांवर ठेवून त्याला पांघरूण घालायला माझा पदर ओढला.

जानेवारीत फादर आले. ओसरीवर मिस्सा झाल्यावर त्यांनी यांना विचारलं, "कसा पाळलात आगमनकाळ?" मला वाटलं, हे सगळी हकिकत सांगतील. पण हे फक्त म्हणाले, "लेकरांनी पाळला, फादर. आम्ही त्यांच्याजवळ बसलो होतो."

आज मी म्हातारी झाले आहे आणि तेव्हाच्या त्या भीतीची मला आता कीव येते. सगळं येत असल्याशिवाय देवासमोर लेकरांना न्यायचं नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रभूने मात्र आम्हाला एका परक्या खळ्यावर बसवलं, हात रिकामे केले, आणि तिथून पुढे त्यानेच चालवलं. त्याचे आभार मानते. आणि जे आईबाप आजही आपल्याला जमत नाही म्हणून दारात बसून आहेत, त्यांना एवढंच सांगते: आत या, लेकरांना जवळ घ्या, आणि जमत नाही हे त्यांच्यादेखत प्रभूला सांगा. तो ऐकतो.