लाल पेनाचे गोल

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. आताही सरळ निघत नाहीये — आधी माझीच बाजू मांडावीशी वाटते. जन्मभर घासाघीस केली. आपल्या मालातली खोट सगळ्यात शेवटी दाखवायची, हे हाडात मुरलंय.

तर आधी माझी बाजू.

वेरूळला लेण्यांबाहेर मी दगडी हत्ती विकायचो. शाळा सातवीत सुटलेली. स्पॅनिश शिकलो ते गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं बघून, शिव्या आधी आणि व्याकरण कधीच नाही. पुढं गाईड झालो, स्पॅनिश-इंग्रजी वाचायला शिकलो, औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली गाईडकीचं आणि भाषांतराचं ऑफिस टाकलं. कुणाच्या बापाच्या जिवावर नाही.

माझ्या शेजारी एक बाई हातगाडीवर सीताफळं विकायच्या. त्यांची पोरगी शिल्पा. आठ वर्षांची होती तेव्हा तिला स्पॅनिश आकडे मीच शिकवले. मोठी झाल्यावर ती पुण्याला जाऊन भाषा रीतसर शिकून आली. आणि एके दिवशी कैलास लेण्यासमोर, माझ्या परदेशी पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "काका, तसं नाय म्हणत. क्रियापद चुकलं तुमचं." मग बरोबर वाक्य म्हणून दाखवलं. पाहुणे हसले. तीही हसली — लाडानं. तेव्हा ते कळलं नव्हतं का? कळलं होतं. तरी अंगाची लाहीलाही झाली, आणि ती आग मी जपून ठेवली.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून पिशव्या भरायची यंत्रं मेक्सिकोला जाणार होती. सोबतचं इंग्रजी माहितीपुस्तक स्पॅनिशमध्ये करायचं काम शिल्पाला मिळालं. जमलं तर कायमची नोकरी, असं मॅनेजरनं कबूल केलेलं. तिच्या आईचे गुडघे गेले होते. "नोकरी लागली की आईला आधी गाडीवरून उठवते काका," हे तिनं मलाच येऊन सांगितलं. पण मॅनेजरला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. त्यानं तिची पानं तपासायला माझ्यासमोर ठेवली.

मी वाचली. 'रन' हे एकच इंग्रजी क्रियापद जागोजाग आलं होतं — मोटर चालते तिथं तेच, चाचणी घ्यायची तिथं तेच, तार मागून जाते, तेल संपतं, तिथंही तेच. शिल्पानं चार ठिकाणी चार शब्द घातले होते. फुन्सिओनार, असेर, पासार, अकाबार्से. अगदी चोख. आपल्याला नाही का भूक लागत, गाडी लागत, नोकरी लागत? दुसऱ्या भाषेत एकच शब्द सगळीकडं कसा चालेल? हे मला तिथं, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं. नीट ऐका — कळत होतं.

हिमरू शाल घेताना एक जुनी युक्ती असते. हातमागाची वीण किंचित खालीवर असते, तीच तिच्या खरेपणाची खूण. तिच्यावरच बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "हे काय, एकसारखं नाही." नवखा विणकर गडबडतो आणि भाव उतरवतो.

मी लाल पेन काढलं. चारही शब्दांभोवती गोल केले. "साहेब, इंग्रजीत शब्द एकच ना? मग हिनं दर पानावर वेगळा का टाकलाय? अंदाजपंचे काम आहे. तिकडं कुणाचा हात यंत्रात गेला म्हणजे?"

मॅनेजरनं गोल पाहिले. आणखी काय बघणार होता तो?

काम मला मिळालं. मी काय केलं? तिचीच पानं टाइप करून घेतली, चारही शब्द जिथल्या तिथं ठेवून. वर माझं नाव. मॅनेजरनं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. पुढं मेक्सिकोचा एक इंजिनिअर आला, म्हणाला, आमच्या घरातल्या माणसानं लिहिल्यासारखं आहे, कुणी केलं? मी म्हणालो, यो. मी.

काम माझ्याकडं आलं त्याच आठवड्यात शिल्पा एकदा ऑफिसात आली होती. भांडायला नाही — भांडली असती तर मी शेर होतो. दारातच उभी राहिली. "काका, पानं तुम्ही बघितली म्हणं. कुठं चुकलं तेवढं सांगा. मी सुधारते."

"पुस्तकी भाषा आहे तुझी, पोरी. अनुभव लागतो."

"व्हय काका," म्हणाली, आणि जाताना माझ्या पाया पडली.

कैलासपुढचं ते हसणं आठवलं की मला अजून राग येतो. तो राग खोटा नाही. पण त्या रागाची भरपाई तिनं कधी, किती वेळा करायची होती?

तिची आई आता अंथरुणावर असते. गाडीमागं शिल्पा बसते. मी पाहुणे घेऊन गेलो की पिकलेलं सीताफळ निवडून माझ्या हातावर ठेवते. परवा माद्रिदची दोन माणसं माझ्यासोबत होती. त्यांनी तिला स्पॅनिशमध्ये भाव विचारला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि बोटं वर करून दाखवली.

आकडे मीच शिकवले होते तिला.