मागचा पोर्शन

तंजावरच्या एका कॉलेजात मी अमेरिकेचा इतिहास शिकवत असे. दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ माझा खास. लढून परतलेल्या गोऱ्या सैनिकांसाठी शहराबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या आणि त्याच युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकाला तिथे कोणी घर देईना, हे सांगताना माझा आवाज चढायचा. "तोंडावर नाही म्हणत नसत हो," मी म्हणे, "गोड हसून सांगत, कालच दुसऱ्याला कबूल केलं!" वर्ग हळहळे. मी खूश. इतका स्वस्त न्यायप्रिय माणूस दुसरा नसेल.

नव्वदीनंतर देश खुला होत होता. आमच्या गल्लीत डिश आली, न्यू जर्सीचे जावई आले. मनं होती तिथेच. आमच्या घराचा मागचा पोर्शन तेव्हा रिकामा होता. विभागातला एक तरुण व्याख्याता तो विचारायला घरी आला. माझी व्याख्यानं मागच्या बाकावर बसून ऐकणारा हा एकटाच सहकारी. त्याच्या बायकोला आठवा महिना, आणि गाव ओरत्तनाडूच्याही पलीकडे, दोन बस बदलून.

माझ्या बायकोने कॉफी दिली आणि तमिळमध्ये सहज विचारल्यासारखं विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?"

"कालव्यापलीकडे, अम्मा."

आमच्याकडे एवढं पुरतं. मग तिने मराठी काढली. पाहुण्यासमोर त्याच्याबद्दलच बोलायचं असलं की आम्ही तंजावरचे मराठी लोक हेच करतो. पिढ्यान् पिढ्यांची सवय. भिंतीआड जायचेही कष्ट नकोत.

"अहो, कळलं ना कुठले ते? विहीर एकच आहे आपली."

"कळलं गं. द्यायचं नाहीच आहे. सांगतो काहीतरी."

आणि त्याच्याकडे वळून, गोड हसून, मी तमिळमध्ये म्हणालो, "काय करू तंबी, धाकट्या भावासारखा तू, पण कालच मेहुण्याला शब्द दिला."

त्याने कॉफी संपवली. टंबलर उचलून स्वतःच अंगणातल्या नळावर विसळला, पालथा घातला. मग चपला घालताना मराठीत म्हणाला, स्वच्छ, आमच्याच हेलात:

"माझी आई तुमच्याच लोकांच्या गोठ्यात राबली, सार. मी तिथंच वाढलो. मराठी सगळी येते, शिव्यांसकट. तुम्ही तेवढी शिवी दिली नाहीत, उपकार झाले."

बायको आत पळाली. मी "अरे, तसं नव्हे" एवढंच म्हणू शकलो, तेही तमिळमध्ये.

पुढे कोणी विचारलं तर मी सांगत असे, आईला चाललं नसतं हो, जुनी माणसं. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मेलेल्या बाईला मी पुढे केलं. आज लिहितो आहे ते एवढ्यासाठी की नकार माझा होता. बायकोने नुसता विहिरीचा विषय काढला. ठरवून मी आधीच बसलो होतो, तो फाटकातून आत येत असतानाच.

त्याच्या बायकोचं बाळंतपण गावीच झालं. मूल वाचलं, ती बरेच महिने उठली नाही. त्याने कॉलेजात कुणाजवळ तक्रार केली नाही. सत्र सुरू होताना फक्त विभागाच्या बैठकीत, सर्वांसमोर, नम्रपणे विचारलं, "सार, अमेरिकेचा पेपर यंदा मी घेऊ?"

"घे की," मी म्हणालो. इतक्या चटकन, की विभागप्रमुखांनी मान वर करून पाहिलं. निवृत्त होईपर्यंत मी मुघल शिकवले.