रॉजर म्हणजे हो नव्हे

टॉवरच्या पायऱ्या उतरले की मास्तर फार नम्र माणूस. शिपायालाही भाऊसाहेब म्हणायचे. पण माईकचं बटण दाबलं की 'सर', 'साहेब', 'कृपया' यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघत नसे. विमानात कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. विमानाचं नाव घ्यायचं, काय करायचं ते सांगायचं, बटण सोडायचं. आमचा टॉवर म्हणजे नांदेडच्या धावपट्टीच्या कडेची एक माडी, पण तिथं बसला की हा किडकिडीत माणूस भलताच उंच वाटायचा.

मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. उदगीरच्या आडत दुकानदाराचा मुलगा, 'या मालक, बसा मालक' ऐकत वाढलेला. पहिल्याच दिवशी मी एका पायलटला 'सर, प्रवास कसा झाला' असं विचारून बसलो. मास्तरांनी माईक काढून घेतला. "उदगीरकर, तुझी जीभ दुकानातली हाय. तू ख्यालीखुशाली इचारून राहिलास, तवर दुसऱ्या इमानवाल्यानं काय करायचं? हितं एका टायमाला एकच माणूस बोलू शकतो." त्यानंतर आठवडाभर मला फक्त ऐकायला बसवलं.

त्यांचा खरा हट्ट परत म्हणण्याचा. आपण दिलेली सूचना पायलटनं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा नियमच आहे. पुष्कळ जण नुसतं 'रॉजर' म्हणून मोकळे होत. मास्तर सोडत नसत. "रॉजर म्हंजी ऐकलं. हो न्हवं. ऐकून न ऐकल्यागत करणारे मी लई बघितलेत." पायलट लोक वैतागायचे, त्यांना 'परत-म्हणा मास्तर' म्हणायचे. मलाही तो हट्ट खुळचट वाटायचा, खोटं कशाला सांगू.

एकदा दुपारी विमान नव्हतं, तेव्हा ते आपणहून बोलले. भोकरजवळच्या खेड्यात त्यांचं घर. बौद्ध दीक्षा घेतलेलं कुटुंब, घरात सरकारी नोकरीतले हे पहिलेच. "माझा बाप चावडीपुढं चपला हातात घेऊन उभा राहायचा. समद्यांचं ऐकायचा, त्याचं कुणी ऐकायचं न्हाई. हितं मी बोललो की कुणी का असंना, त्यानं ते परत म्हणायचं. असा कायदा अजून कुठं हाय का, सांग."

मग दुष्काळ पडला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि तिथं विमान उतरायची सोय नव्हती. पाहणीला येणारे बडे पाहुणे नांदेडला उतरून मोटारीनं लातूरला जात. आमच्या कुंपणाला लागूनच जनावरांची छावणी पडली होती. साऱ्या शिवारात वाळकं का होईना, गवत उरलं होतं ते धावपट्टीच्या कडेला. जनावरं कुंपण मोडून आत घुसायची, त्यांना तरी काय बोल लावायचा?

त्या दिवशी पाहुण्यांचं विमान अगदी खाली आलं आणि आठ-दहा गाई धावपट्टीवर आल्या. मास्तर म्हणाले, "धावपट्टीवर जनावरं. उतरू नका, वर जा." पायलट म्हणाला, "रॉजर." आणि विमान खालीच येत राहिलं. मास्तरांनी सूचना दुसऱ्यांदा दिली. पुन्हा रॉजर. तिसऱ्यांदा मास्तर ओरडले, "वर जा. परत म्हणा." पायलट काही बोलला नाही, पण विमान गाईंच्या डोक्यावरून वर गेलं.

गाई हाकलल्यावर विमान सुखरूप उतरलं. पाहुणे घाबरले होते, आणि घाबरलेला मोठा माणूस लगेच रागावतो. तक्रार गाईंची नव्हती, पायलटच्या रेडिओतून मागे ऐकू गेलेल्या आवाजाची होती. टॉवरवरच्या माणसानं दरडावलं म्हणे. दुसऱ्या दिवशी परतताना पाहुणे कानाला हेडफोन लावून बसतील, मास्तरांनी रेडिओवरच माफी मागावी, नाहीतर निलंबन, असा निरोप आमच्या अधिकाऱ्यांनी आणला. मास्तरांची मुलगी किनवटला वसतिगृहात राहून दहावीला बसणार होती.

"खाली उतरून पाया पडतो त्यांच्या," मास्तर मला म्हणाले. "हितं नको." मी तसं अधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं. ते ऐकेनात. मग मीच परत येऊन म्हणालो, "मास्तर, दोन शब्द तर आहेत. म्हणून टाका." आमच्या दुकानात असे शब्द दिवसातून पन्नासदा खर्ची पडत.

दुसऱ्या दिवशी विमान धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं. मास्तरांनी बटण दाबलं. "सर, काल माझी चूक झाली. माफ करा, सर." माईक माझ्या हातात दिला आणि ते पायऱ्या उतरून गेले.

उड्डाणाची परवानगी मी दिली. पायलट कालचाच. त्यानं वारा, धावपट्टी, परवानगी, सगळं सावकाश परत म्हटलं. जरा थांबला आणि म्हणाला, "आणि कालचं. धावपट्टीवर जनावरं, उतरू नका, वर जा. काल म्हणायचं राहिलं." पाहुणे त्याच्या मागे बसून ऐकत होते. विमान निघून गेलं.

मी धावत खाली गेलो. मास्तर छावणीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना शब्द न् शब्द सांगितला. ते म्हणाले, "मला सांगून काय फायदा? वहीत लिही."

टॉवरवरचं प्रत्येक बोलणं त्या वहीत उतरवायचं असतं. मास्तरांची माफी मी उतरवली होती. पण वही संध्याकाळी अधिकारी तपासत, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. महिनाभरानं मास्तरांनी स्वतःच अर्ज करून औरंगाबादला कागदपत्रांच्या टेबलावर बदली घेतली. जायच्या दिवशी ते माडीवर आले, वही उघडून त्या तारखेचं पान बघितलं, आणि मिटून जागेवर ठेवली. त्या पानावर फक्त माफी होती.