बिनयीस्टचा गुरुवार

आमच्या घरातून एक माणूस पिझ्झ्यावरून रुसून गेला, असं मी बरेच महिने समजत होतो. तो माणूस म्हणजे माझे सासरे आणि त्यांना घालवणारा मी.

सासूबाई गेल्यावर बायकोने वडिलांना भोसरीच्या खोलीतून पिंपळे सौदागरला आमच्या फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. तरुणपणी मराठवाड्यातून येऊन त्यांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर सगळी नोकरी काढली होती. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. पाणीसुद्धा मागायचे नाहीत. ताटात पहिल्यांदा जे वाढलं तेवढंच जेवायचे, पुन्हा काही वाढायला गेलं की हात आडवा. कपड्यांची पिशवी कपाटात न ठेवता दाराआड ठेवायचे. आणि भोसरीची खोली काही सोडायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "असू द्या, सामान हाय."

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. समोरचा पार्ट का बाद झाला ते समजावून सांगायचं, हे माझं काम. पण ही खोड कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही. चहा उतू गेला तरी मी घरात त्याची कारणं सांगतो. बायको म्हणते, तुम्हाला कुणी वेळ विचारली तर तुम्ही घड्याळ कसं बनवतात ते सांगाल.

आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात रविवारचं फारसं कौतुक नाही. सासऱ्यांना भोसरीत आयुष्यभर सुट्टी गुरुवारची, मला चाकणला गुरुवारची. त्यातून ते दत्ताचा गुरुवार धरणारे. दिवसभर उपास, संध्याकाळी दिवा लावून सोडायचा. ते आमच्याकडे आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी आमच्या लेकीने पिझ्झ्याचा हट्ट धरला. लेक तिसरीत, तिचा हट्ट म्हणजे सरकारी आदेश. मी आठवणीने कांदा-लसूण नसलेला पिझ्झा मागवला आणि स्वतःवरच खूश झालो.

सासऱ्यांनी दिवा लावला, टेबलाशी येऊन बसले, तुकडा हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. लेथवरचा माणूस, वस्तू उलटी करून पाहणारच.

"ह्ये एवढं फुगतं कशानं?" त्यांनी विचारलं.

'भट्टीत भाजल्यामुळे' असं सांगून मला सुटता आलं असतं. पण मला विचारलं होतं ना! मी सांगायला लागलो. यीस्ट म्हणजे काय, ते पिठातली साखर कसं खातं, एकाचे दोन, दोनाचे चार कसं होतं, त्यातून वायू कसा निघतो आणि शेवटी भट्टीत सगळं कसं मरतं.

"म्हंजी जित्तं असतंय?"

"जिवंत! लाखो असतात एका गोळ्यात."

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण लाखो बोलून झाले होते. सासऱ्यांनी तुकडा अगदी हळू, त्याला लागू नये अशा बेताने डिशमध्ये ठेवला. "आज गुरुवार हाय," म्हणाले आणि दुधावर उपास सोडला.

पुढच्या गुरुवारी सकाळीच ते दाराआडची पिशवी उचलून भोसरीला गेले. त्याच्या पुढच्याही. मग ते ठरूनच गेलं. गुरुवारी जायचे, रात्री तिकडेच राहायचे, शुक्रवारी यायचे. काही दिवसांनी शुक्रवारचं शनिवारवर गेलं. एकदा तिकडे खोलीत त्यांना चक्कर आली आणि शेजारच्या बाईंनी फोन केला, तेव्हा बायको गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढता काढता रडायला लागली. "एक दिवस पिशवी घेऊन जातील आणि यायचेच नाहीत. तिथे एकटे पडून राहतील," ती म्हणाली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मी ठरवलं, यीस्ट नसलेला पिझ्झा घरी करायचा आणि या माणसाला गुरुवारी आपल्या टेबलाशी परत बसवायचं. मोबाइलवर पाहिलं तर प्रकार सोपा होता. मैद्याऐवजी आपली कणीक, त्यात बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, मीठ, जरा तेल आणि मळायला दही. रात्रभर फुगवत ठेवायची भानगड नाही. गोळा झाकून ठेवायचा, तेवढ्यात टोमॅटो किसून ओवा घालून आटवून घ्यायचा, ढोबळी मिरची चिरायची. मग लाटायचं, काट्याने टोचायचं, तव्यावर एक बाजू शेकून उलटायचं, वर सगळं पसरून चीज किसायचं आणि झाकण ठेवायचं.

सोपं ऐकायला. माझा पहिला पिझ्झा कंपनीत असता तर लाल खूण करून बाद पेटीत गेला असता. खालून काळा, मध्ये कच्चा. दुसऱ्यात सोडा जास्त झाला आणि लेकीने साबण लागतोय म्हणून जाहीर केलं. हळूहळू जमायला लागलं. एकदा दही फेटताना लेक म्हणाली, "बाबा, दह्यात पण बॅक्टेरिया असतात ना? आम्हाला शाळेत शिकवलंय." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. आजोबांसमोर हे बोलायचं नाही, असं तिच्याकडून वचन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी माहिती दाबून ठेवत होतो.

सासऱ्यांना दोन-तीनदा म्हटलं, "बाबा, या गुरुवारी थांबा, यीस्ट घालत नाही आता मी." ते हसून म्हणायचे, "फुडच्या बारीला." आणि पिशवी उचलायचे.

शेवटी एका गुरुवारी मीच पिझ्झा स्टीलच्या डब्यात घातला, लेकीला स्कूटरवर मागे बसवलं आणि नाशिक फाट्यावरच्या गर्दीला शिव्या घालत भोसरी गाठली. ओळीतल्या खोल्या, दारात चपला, कुठेतरी कुकरची शिट्टी. सासऱ्यांचं दार उघडंच होतं. दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावलेला होता आणि ते खाली बसून जेवत होते. समोर काठाला पोचे पडलेलं मोठं ताट होतं. त्यात वरण-भात, पण एकाच बाजूला वाढलेला. दुसरी अर्धी बाजू स्वच्छ, कोरडी. आणि त्या बाजूला, भिंतीशी, एक रिकामा पाट.

माझं आधीच ठरलेलं भाषण सुरू झालं होतं. "बाबा, हा बिनयीस्टचा आहे, तुम्हाला त्या दिवशी..."

"दह्यातबी जीव असतोय की वो जावईबापू," ते म्हणाले. लेकीने माझ्याकडे पाहिलं. "माज्या आईनं जल्मभर विरजण लावलं. मला काय कळत न्हाई व्हय? त्या दिशी तुमी लाखो म्हणलात, तवा डोळ्याम्होरं वळवळाय लागलं, म्हनून ठिवलं. त्यात राग कसला?"

"मग गुरुवारी का येता इकडे?"

ते भात कालवत, पाटाकडे न बघता बोलले. "तिला पिशव्या शिवायच्या कंपनीत काम हुतं. तिची शिफ्ट येगळी, माजी येगळी. सगळा आठवडा एकानं झाकून ठिवायचं, दुसऱ्यानं खायचं. गुरुवारी दोगांलाबी सुट्टी. उपास सोडाया एका ताटात बसायचो. तिकडं तुमच्या टेबलावर सगळ्यांच्या डिशा येगळ्या. तिथं ती कुठं बसंल?"

मी हातातला डबा उंबऱ्याशी ठेवला.

तेवढ्यात लेक चपला काढून आत गेली, सरळ त्या पाटावर बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला भूक लागलीये." मी तिला उठवायला तोंड उघडलं, तो पाट कुणाचा ते सांगणार होतो, आणि मग तोंड मिटलं. सासऱ्यांचा घास हातात थांबला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ताट जरासं फिरवलं आणि भाताची बाजू तिच्याकडे केली. दोघं जेवले. मी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत होतो, कारण डोळे भरले होते आणि ते लेकीला दाखवायचे नव्हते.

नंतर त्यांनी डब्यातला गार पिझ्झाही खाल्ला. "मधी कच्चा हाय," म्हणाले. "तवा पातळ हाय तुमचा." आमच्या घरातल्या कशालाही त्यांनी ठेवलेलं ते पहिलं नाव. मला भारी आनंद झाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, असंच एका गुरुवारी ते सकाळी पिशवी घेऊन गेले. पण दुपारीच रिक्षा सोसायटीच्या गेटशी आली आणि वॉचमनने वर फोन केला. खाली गेलो तर सासरे, त्यांच्या पायाशी एक ट्रंक, दत्ताची तसबीर आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं एक जड बोचकं. त्यात सासूबाईंचा बिडाचा तवा होता आणि ते पोचे पडलेलं ताट. "खोली सोडली," म्हणाले. मी ट्रंक उचलली.

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली तेव्हा गॅसवर तो तवा होता. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. जाड बिडावर माझा पिझ्झा पहिल्यांदाच सगळीकडे सारखा शेकला. ती नेहमीप्रमाणे चार डिशा काढायला गेली, तर सासरे म्हणाले, "राहू दे त्या." त्यांनी अख्खा पिझ्झा ताटात काढून घेतला, एक तुकडा तसबिरीपुढे ठेवला आणि टेबल सोडून खाली फरशीवर बसले. शेजारची जागा हाताने पुसली.

"बस," ते लेकीला म्हणाले, म्हणजे माझ्या बायकोला. "तुज्या आईची जागा हाय."

ती बसली. मग आम्ही दोघंही बसलो. एका ताटात चार हात, कुणाचा तुकडा कुणाचा हे कळेनासं झालं. बायको डोळे पुसत खात होती आणि तिचे वडील हळूच आपल्याकडचं चीज तिच्या बाजूला सरकवत होते.

ताट रिकामं झालं तसा मी उठायला लागलो. सासऱ्यांनी ताट उचलून माझ्यापुढे धरलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "आनखी एक टाका."