खंडेनवमीला केलेलं अपग्रेड

खंडेनवमीच्या दिवशी, कंप्युटरच्या डोक्यावर झेंडूचं फूल आणि कपाळावर कुंकू असताना, मी त्याचं अपग्रेड सुरू केलं. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते. बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या आमच्या लहानशा गिअरच्या कारखान्यातही मशीनं पुसून, हार घालून ठेवली होती, फाटकात कोहळा फोडून झाला होता आणि सगळे चुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन घरी निघाले होते. मी म्हटलं, आज कंप्युटरला कुणी हात लावणार नाही, तर आजच उरकून घेऊ. केवढी ती हुशारी. वय अठ्ठावन्न, अक्कल अठराची.

सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी इथे ‘कंप्युटर मॅडम’ होऊन आले होते आणि ते मॅडमपण जरा जास्तच अंगात भिनलं होतं. कुठल्या मापाच्या गिअरसाठी मशीनवर कुठली चाकं चढवायची, हे सांगणारा प्रोग्रॅम मात्र माझा नव्हता. तो अण्णांचा.

अण्णा तिथले जुने मशीनिस्ट. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतच, त्यामुळे मराठी बोलताना अधूनमधून कन्नड डोकवायचं. पन्नाशीला आल्यावर पुस्तकं आणून स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले. माझ्याहून मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. डोळ्यांचा पडदा खराब झाला, स्क्रीनवरची अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून त्या दसऱ्याआधी सहा महिने घरी बसले होते. जाताना म्हणाले, “अक्का, काही अडलं तर फोन करा. डोळे गेलेत, डोकं जागेवर आहे.” मी तोंडाने हो म्हटलं. मनात म्हटलं, माझं काय अडायचंय.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला आणि अण्णांचा प्रोग्रॅम काही उघडेना. तो ज्या जुन्या आवृत्तीच्या भरवशावर चालायचा, ती आवृत्तीच अपग्रेडने काढून टाकली होती. पाहुणा जुन्या पत्त्यावर जाऊन उभा आणि तिथे घरच नाही, तसं.

“अण्णांना विचारू का?” मशीनवरच्या ऑपरेटरने विचारलं.

“त्यांना कशाला त्रास? मी आहे ना.”

ही जी ‘मी’ होती, तिने पुढचे तीन दिवस घाम गाळला. जुनी आवृत्ती शोधून शेजारी बसवली, तर तिला तयार कोडचा एक तुकडा हवा. तो आणला, तर त्याला आणखी तिघे सोबतीला हवेत. लग्नाला एकाला बोलवावं आणि सगळी भावकी यावी. शेवटी मी पुस्तकातला नियम काढला. प्रोग्रॅमला लागणारं असं सगळं सामान एका फोल्डरात असतं, त्याला आम्ही एन्व्हायर्न्मेंट म्हणतो. ते बिघडलं तर डागडुजी करायची नाही. पुसायचं आणि यादीप्रमाणे नवं उभारायचं. त्याची नक्कल ठेवायचीही गरज नाही, कारण बाजारात मिळतं तेच त्यात असतं. मी पुसलं. नवं उभारलं. प्रोग्रॅम चालला. मी सगळ्यांना कॉफी पाजली आणि स्वतःचं कौतुक दोन वेळा ऐकवलं.

चौथ्या दिवशी ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, गिअर ओरडतायत.”

जुन्या कामाचा कागद काढून ताडून पाहिला. त्याच मापाला प्रोग्रॅम आता वेगळीच चाकं सांगत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं असं वाटलं. कुठल्या मशीनमध्ये किती प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, कुठलं सकाळी थंड असताना अडतं, हे सगळे हिशेब अण्णांनी त्या तयार कोडच्या आत, हाताने लिहून ठेवले होते. तिथे लिहायचं नसतं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला कुणाला विचारायचं नव्हतं. बारा वर्षांचं हाताला आलेलं ज्ञान मी अडगळ म्हणून पुसलं होतं.

परवा, इतक्या वर्षांनी, नातीचा लॅपटॉप अपग्रेडनंतर असाच रुसला. मी म्हटलं, “हे आधी कुणी बसवलं होतं, त्याला फोन कर.”

“आजी, तो केव्हाच नोकरी सोडून गेला.”

“नोकरी सोडली, फोन नाही ना सोडला?”

तिला वाटलं, म्हातारी विनोद करतेय.

तर गिअर ओरडले त्या आठवड्यात मी केळ्यांची फणी घेऊन बेंगळुरूच्याच शिवाजीनगरला अण्णांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर मला घरी जाऊन झोप लागली असती. खुर्ची माझ्या आवाजाकडे वळवून म्हणाले, “सरी, बरं, लिहून घ्या,” आणि आठवून आठवून सांगू लागले. चारपैकी दोन मशीनं त्यांनी धडाधडा सांगितली. तिसऱ्याला अडखळले. चौथ्याला बोटं हवेत फिरवून थांबले.

“ते लिहून ठेवलं होतं ना,” म्हणाले, “म्हणून डोक्यात ठेवलं नाही.”

ती दोन मशीनं पुढे ऑपरेटरने चाचपडत, तुकडे वाया घालवत बसवली, पण पहिल्यासारखी कधीच नाही. मी वही मिटली आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हात वर केला.

“फोल्डरचं जाऊ द्या, अक्का. कंप्युटर बंद पडलाय हे मला पहिल्याच दिवशी ऑपरेटरकडून कळलं होतं. तीन दिवस फोन उशाशी घेऊन बसलो होतो. बायको म्हणायची, जेवायला तरी उठा. मी म्हणायचो, स्वल्प थांब, अक्कांचा फोन येईल.”